कुलगुरूंना भेटायचंय

ओळखीतली एक मुलगी या आठवड्यात विद्यापीठात खेटे घालून रडवेली झाली. पेपर दिलेला, तरी गुणपत्रिकेत त्या विषयापुढे 'गैरहजर'. ही खिडकी, ती खिडकी, साहेब मीटिंगमध्ये, उद्या या. शेवटी कुलगुरूंनाच भेटते म्हणाली, तर फाटकावरूनच परत पाठवलं. हजारो उत्तरपत्रिकांमध्ये चूक व्हायचीच, तिचा मला राग नाही. राग आहे तो त्या बंद फाटकाचा.

शिक्षणाचा विषय निघाला की मी फादर थिओडोर हेसबर्ग यांच्याकडे वळतो. जन्म १९१७, धर्मगुरूची दीक्षा १९४३, धर्मशास्त्रातली डॉक्टरेट १९४५. प्रबंधाचा विषय चर्चमधल्या दीक्षा न घेतलेल्या सामान्य माणसांचा. १९५२ मध्ये, पस्तिशीत, ते अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या भाषेत कुलगुरू, झाले आणि १९८७ पर्यंत राहिले. प्रबंध त्यांनी कपाटात ठेवला नाही. १९६७ मध्ये विद्यापीठाचा कारभार स्वतःच्याच धर्मसंघाच्या हातून काढून सामान्य जनांचं बहुमत असलेल्या विश्वस्त मंडळाकडे दिला. आपल्याच माणसांची सत्ता सोडायला केवढी छाती लागते!

फिरतीवर ते इतके असत की देव सगळीकडे असतो आणि फादर नोटर डेम सोडून सगळीकडे, असं विद्यार्थीच म्हणत. पण आवारात असले की त्यांच्या खोलीतला दिवा मध्यरात्रीनंतरही जळत असे. मुलं आगीच्या वेळी उतरायच्या लोखंडी जिन्यानं वर चढून त्यांना भेटायला जात, असं सांगतात.

हाच माणूस १९५७ पासून अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगावर होता. १९६४ मध्ये शिकागोच्या सोल्जर फील्डवर मार्टिन ल्यूथर किंग यांचा हात हातात घेऊन उभा राहिला. १९६९ मध्ये आयोगाचा अध्यक्ष झाला आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सरकारलाच धारेवर धरलं. १९७२ मध्ये निक्सन यांनी त्याला पायउतार व्हायला लावलं. मला हे दोन वेगळे गुण वाटत नाहीत. अपरात्री आलेल्या पोराचं जो मनापासून ऐकतो, त्यालाच राष्ट्राध्यक्षांसमोर काय बोलायचं ते ठाऊक असतं.

आपल्याकडे कुलगुरू निवडायला शोध समिती नेमतात. शोधनिबंध मोजतात, प्रशासकीय अनुभवाची वर्षं मोजतात. त्या समितीनं प्रत्येक उमेदवाराला एवढं विचारावं: विद्यार्थ्यांना तुम्ही आठवड्यातून कोणत्या दिवशी, किती वाजता भेटाल? आणि उत्तर विद्यापीठाच्या फाटकावर लावावं.