खोली मिळेल का?

मागच्या बैठकीत चहाच्या वेळी मी सहज बोलून गेले, की रात्री लॉजचं काउंटर सांभाळताना मी कॉम्प्युटरवर गेम खेळते. माझं वय ४९. जरा वेळ कुणी काही बोललंच नाही. मग एक मैत्रीण हसून म्हणाली, "अगं, हे पोरासोरांचं खूळ तुला कधीपासून?" दुसरी काळजीने म्हणाली, "व्यसन लागतं हं त्याचं." तिसरीने विचारलं, "त्यातून मिळतं काय?" पहिल्या दोघींचं मला काही वाटलं नाही. तिसरीचा प्रश्न मात्र घरापर्यंत सोबत आला, कारण तो आपला सगळ्यांचाच प्रश्न आहे. बाईने तासभर घालवला तर त्यातून काहीतरी मिळालंच पाहिजे! बचत, प्रशिक्षण, आरोग्याची माहिती, निदान आयोडिनयुक्त मिठाचं महत्त्व तरी.

शिर्डीत आमचं सोळा खोल्यांचं लॉज आहे. २०२०च्या मार्चमध्ये मंदिर दर्शनासाठी बंद झालं आणि ज्या गावाला रात्र माहीत नव्हती ते गाव दुपारीही झोपल्यासारखं झालं. मुलगा पुण्याहून घरी आला, सोबत त्याचा कॉम्प्युटर आला आणि कॉम्प्युटरवर 'स्कायरिम' होता. हा खेळ बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने २०११ साली काढला. सुरुवातीला तुम्ही हात बांधलेल्या कैदी असता. गाडीत घालून शिरच्छेदासाठी नेत असतात. ऐन वेळी ड्रॅगन येतो, धावपळ होते आणि तुम्ही निसटता. पुढे समोर अख्खा डोंगराळ, बर्फाळ मुलूख पसरलेला. गोष्ट एका वाटेने बोलावत असते, पण त्याच वाटेने गेलं पाहिजे अशी सक्ती नाही.

बाई व्हायचं की पुरुष, हे सुरुवातीलाच ठरवायचं असतं. मी बाई झाले. त्याने ताकदीत काही फरक पडत नाही. याच मालिकेतल्या २००२च्या 'मॉरोविंड'मध्ये काही वंशांच्या बायकांना मुळातच पुरुषांपेक्षा कमी ताकद दिलेली होती. मधल्या काळात कुणाला तरी शहाणपण सुचलं म्हणायचं.

सुरुवातीचे कितीतरी दिवस मी ड्रॅगनच्या वाटेला गेलेच नाही. नुसती चालले. नदीकाठाने, देवदारांतून, रात्री आकाशात हिरवे पडदे हलत असताना. फुलं तोडली, फुलपाखरं धरली. कुणी विचारलं नाही, "कुठे निघालीस?", "एवढ्या रात्री?", "बरोबर कोण आहे?" धोका नाही असं नाही. लांडगे येतात, दरोडेखोर येतात, मी कितीदा तरी मेले. पण मेल्यावर कुणी असं म्हणत नाही, की एवढ्या रात्री बाहेर पडायची गरजच काय होती?

आणि एका रात्री मी व्हाइटरन नावाच्या शहरातल्या खानावळीत शिरले. काउंटरवर हुल्डा नावाची बाई. तिला खोली मागितली. तिने दहा मोहरा घेतल्या आणि खोली दाखवली. बस्स, एवढंच.

मी खेळ तिथेच थांबवला. माझ्या पाठीमागे भिंतीवर आमच्या सोळा खोल्यांच्या किल्ल्या टांगलेल्या होत्या.

त्याच्या बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास एक बाई आली होती, कोपरगाव स्टेशनवर उतरून. पन्नाशीची, हातात एक पिशवी. "खोली मिळेल का?" आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळेपासून नियम होता, एकट्या बाईला खोली द्यायची नाही. उगाच पोलिसांची भानगड नको. असा काही कायदा नाही, कधीच नव्हता. तो आमचा आम्हीच केलेला. मी तेव्हा आपल्या संघटनेत येत होते, शिबिरांमधून गाणी म्हणत होते. तरी मी म्हटलं, "खोल्या भरल्यात." तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पाठीमागच्या किल्ल्यांकडे, आणि काही न बोलता गेली. ती रात्र तिने कुठे काढली, मला माहीत नाही.

हे मी आजवर कुठल्याच बैठकीत सांगितलेलं नाही.

मैत्रिणींनो, म्हणून हा खेळ म्हणजे स्वर्ग आहे असंही मी म्हणत नाही. मुळात या खुल्या जगात जो भेटतो तो काम सांगतो. याची तलवार हरवली, त्याला चिठ्ठी पोचवायची, तिला अमुक मुळ्या आणून द्यायच्या. तुम्ही ड्रॅगनला लोळवणाऱ्या असा, नाहीतर आणखी कुणी, कोबी विकून ये म्हणून सांगायला लोकांना लाज वाटत नाही. घेतलेलं काम यादीत चढतं ते पुसता येत नाही. ओझं ठरावीक वजनापलीकडे गेलं की पळता येत नाही, पाय ओढत चालावं लागतं. मग लिडिया नावाची एक सोबतीण मिळते. तुमचं ओझं वाहणं हेच तिचं काम, आणि ते ती अशा सुरात बोलून दाखवते की तो सूर मी ओळखला. तो माझा आहे.

मी तिथे एक नवराही केला. (बाईशी लग्न करायचीही मोकळीक आहे, कुणी भुवई उंचावत नाही.) नवरा दिवसातून एकदा स्वतः रांधलेलं जेवण हातात ठेवतो, वर दुकान चालवून नफ्यातला वाटा देतो. पहिले चार दिवस फार गंमत वाटली. मग लक्षात आलं, मी घरी येते, जेवण मागते, पैसे घेते, निघते. त्याच्याशी बोलायला दोन-चार ठरलेल्या वाक्यांपलीकडे काही नाही. मला माझे सासरे आठवले.

भाषा सगळी इंग्रजी. मी अर्धं अंदाजाने, अर्धं मुलाला विचारून वाचते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' काढला, त्यात भावाला शोधायला निघालेली एक मुलगी नायिका आहे. आवडला, पण त्याची वाट आखलेली. मनाला येईल तिथे भटकता येत नाही. 'एल्डन रिंग' हा २०२२चा गाजलेला खेळ तर मी दोन दिवसांत सोडला. तो मध्येच सरळ थांबवायची सोय नाही. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत उठावं लागणाऱ्या माणसाने तो खेळावा, असं बनवणाऱ्यांच्या मनातच आलेलं नाही. २०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेली, पुरुषांची ९७. खेळ कुणासाठी बनतात ते त्या आकड्यांत दिसतं.

व्यसनाचंही खरं आहे. दूध उतू गेलंय, रजिस्टरमध्ये आठ नंबरचं भाडं नऊवर चढलंय.

पण तिसऱ्या मैत्रिणीचा प्रश्न उरतोच. काय मिळतं? आमच्या गावात बायजाबाईंची आठवण फार भक्तीने सांगतात. डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन त्या काटेकुटे तुडवत रानोरान तरुण फकिराला शोधायच्या, त्याला जेवू घालायच्या. केवढा मुलूख पायाखाली घातला असेल त्या बाईने! पण टोपली होती म्हणून ती गोष्ट झाली. रिकाम्या हाताने, नुसती रान बघायला निघालेली बाई आपण कुणी लक्षात ठेवली असती का? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांबद्दल 'व्हाय लॉयटर?' लिहिलं, तेही २०११ सालचंच. बाईला रस्त्यावर विनाकारण असण्याचा हक्क हवा, हे त्यांनी मांडलं. आपण सुरक्षित रस्ते मागितले, दिवे मागितले, कामावरून परतणाऱ्या बाईसाठी बस मागितली. काम नसलेल्या बाईसाठी काय मागितलं?

आमच्या लॉजचा तो नियम २०२१च्या पावसाळ्यात मी काढून टाकला. नवऱ्याशी आठ दिवस वाद झाला. आता एकटी बाई आली तर इतरांचं बघतो तेच ओळखपत्र बघते आणि किल्ली देते.

परवा रात्री साडेबाराला काउंटर मुलाकडे सोपवून मी नगर-मनमाड रस्त्यापर्यंत चालत गेले. कुठे जायचं नव्हतं. हॉटेलं उघडी, गाड्या उतरत होत्या, माणसंच माणसं. कोपऱ्यावरचा पानवाला ओळखीचा. त्याने हाक मारली, "काकू, काय झालं? काही पाहिजे का?" म्हटलं, काही नको. तो म्हणाला, "मग?"

मी पुढे चालत राहिले. वळून पाहिलं तर तो टपरीतून बाहेर येऊन माझ्याकडेच बघत उभा होता.