दमाची गोष्ट

‘दम’ हा मराठीतला मोठा हिकमती शब्द आहे. मास्तर मुलांना दम देतात, आई बाळाला दम धरायला सांगते, जिना चढून आले की दम लागतो, आणि ज्याच्या बोलण्यात तथ्य नाही त्याच्या बोलण्यात दम नसतो. इतकी वर्षे वर्गात मराठी शिकवूनही हा शब्द मला नीट कळला तो यंदाच्या उन्हाळ्यात. मोहर्लीच्या एका चहाच्या टपरीसमोर मला तो शिकवला एका जिप्सी चालवणाऱ्या पोराने.

आमच्या घरी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. बाबांनी आधी पैसे भरून आणि मग काही वर्षे वाट पाहून ती मिळवली. त्या काळी चांगले स्थळ लवकर मिळे, गाडी मिळत नसे. दर रविवारी बाबा तिला ओल्या फडक्याने पुसतात, आणि पाहुणे आले की चहाबरोबर तिची कुळकथा ठरलेली. ही मूळची इटलीची, फियाट ११००. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बांधली, आणि १९७४ पासून तिला पद्मिनी राणीचे नाव मिळाले. इथवर आले की बाबांचा आवाज चढतो.

“हिचं इंजिन १०८९ सीसीचं. याच घराण्यातलं इंजिन घालून इटलीत ‘चिसितालिया’ ही शर्यतीची गाडी केली. १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ती शिल्पासारखी मांडली होती, शिल्पासारखी! आणि १९४७ साली तीच चालवली नुव्होलारीने.”

नुव्होलारी म्हणजे बाबांचा तानाजी. वय चोपन्न, फुप्फुसे विकाराने पोखरलेली, आणि समोर मिल्ले मिलियाची शर्यत : ब्रेशियाहून रोम आणि परत ब्रेशिया. प्रतिस्पर्धी जवळजवळ तिप्पट मोठ्या इंजिनाच्या आल्फा रोमिओत. तरी हा पठ्ठ्या पुढे. शेवटी पावसाने घात केला, इंजिनात पाणी शिरले आणि पहिला नंबर हुकला. दुसरा आला. “पण दम बघ माणसाचा!” असे म्हणून बाबा कप खाली ठेवतात.

आता माझा गुन्हा सांगतो. गेले वर्षभर ही राणी चढावर अडत होती, काळा धूर ओकत होती, आणि पेट्रोल तर पाण्यासारखे पीत होती. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीलाही २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप मिळाला होता. मी मनात म्हटले, आपणच कशाला हे ओझे ओढायचे? बाबांना न सांगता मी एका भंगारवाल्याशी बोलणे पक्के केले, आणि शेवटची सहल म्हणून सगळ्यांना मोहर्लीला नेले.

चंद्रपूरहून मोहर्ली तीसेक किलोमीटर. ताडोब्याचे हे जुने प्रवेशद्वार. एका अंगाला इरई धरणाचे पाणी, दुसऱ्या अंगाला साग आणि बांबू. जंगलात खाजगी गाडी नेता येत नाही. आमची पद्मिनी बाहेर सावलीत उभी राहिली आणि आम्ही जिप्सीत बसलो. मे महिन्यातली ती धूळ! पुढच्या गाडीमागे धुळीचा पडदा आणि त्याच्या मागे आम्ही. परत आलो तेव्हा सौ.चे केस माझ्याहून पिकलेले दिसत होते. वाघ दिसला नाही, म्हणून सगळ्यांनी एकमेकांना रानगवे किती सुंदर होते ते सांगितले.

टपरीकडे चालत जाताना बाबा सारखे थांबत होते. “हा बघ अर्जुन.” वीस पावले. “हा मोह. याच्या फुलांवर अस्वलं येतात.” पुन्हा वीस पावले. “आणि हा तेंदू.” मला त्यांच्या वनस्पतिप्रेमाचे कौतुक वाटले.

निघायची वेळ झाली आणि पद्मिनी घरघरून बंद पडली. आमच्या जिप्सीचा चालक आपल्या गाडीचे बॉनेट उघडून हवेचा फिल्टर झटकत होता. उन्हाळ्यात हे त्याचे रोजचेच काम. तो हातातले टाकून आला. आमच्या इंजिनावरचा, फराळाच्या डब्यासारखा गोल पत्र्याचा डबा त्याने उघडला आणि आतले कडे बाहेर काढले. लुगड्याच्या निऱ्यांसारख्या कागदाच्या घड्या, पण एकही घडी दिसेना. नुसते काळे मेणचट किटण.

“हे काय जी सर! कधी उघडलं होतं हे?”

मला आठवेना. बाबा बाहेरून पुसत आणि मी आत बसत असे. मधला डबा कोणाच्याच वाट्याला आला नव्हता.

एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिन सुमारे नऊ हजार लिटर हवा ओढते. हवेची वाट बुजली की कार्बुरेटरमधून पेट्रोल जास्त जाते, ते पुरते जळत नाही, प्लगवर काजळी धरते आणि मागून काळा धूर येतो. म्हणजे आमची राणी म्हातारी झाली नव्हती, गुदमरली होती.

“फिल्टर काढूनच नेली तर?” मी शहाणपणा केला. शर्यतीच्या गाड्यांत कार्बुरेटरच्या तोंडावर उघडे कर्णे असतात, हे मी चित्रात पाहिले होते.

“नोको जी. इथली धूळ सिलिंडर घासून काढते. नाक कापून श्वास घ्याचा का?”

त्याने ते कडे हलकेच आपटले, पंपाने आतून बाहेर हवा मारली. बाहेरून मारली तर धूळ घड्यांत आणखी रुतते, आणि कागद पाण्याने धुवायचा नसतो, हेही सांगितले. “घरापर्यंत जाईल. पण नवा टाका जी. गाडी बोलून नाही राहिली म्हणून काय तिले दम लागत नाही का?”

बाबा हसले. हसता हसता खोकू लागले. खोकला थांबेना. बाकाची कड धरून ते बसले, ओठ किंचित निळसर, आणि हाताने मला खूण करत होते, “काही नाही, काही नाही.” त्या क्षणी मला अर्जुन, मोह आणि तेंदू या तिन्ही झाडांचा अर्थ कळला.

दुसऱ्या दिवशी नागपूर गाठले. डॉक्टरांनी बाबांना नळीत जोराने फुंकायला लावले, आलेख पाहिला आणि म्हणाले, “श्वासनलिका आखडल्या आहेत. औषधाने पुष्कळ फरक पडेल. पण दम लागतो हे इतके दिवस सांगितलं का नाही?” बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, “कोणी विचारलं नाही.”

येताना जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून पद्मिनीचा नवा फिल्टर आणला. तो पांढराशुभ्र कागद मी माझ्या हाताने बसवला. काळा धूर थांबला. भंगारवाल्याला मी नकार कळवला आणि एके संध्याकाळी बाबांसमोर सगळे कबूल केले.

“ठाऊक होतं,” बाबा म्हणाले. “तू घरी नसताना तो येऊन टायर बघून गेला होता. तू गाडीचं लपवलंस, मी खोकल्याचं लपवलं. फिट्टंफाट.”

आता दर रविवारी बाबा गाडी पुसतात तेव्हा मी तो डबा उघडून बघतो. आणि रोज रात्री निजण्यापूर्वी त्यांच्या खोलीत डोकावून विचारतो, “आज दम लागला का?” कधी ते “नाही” म्हणतात, कधी “थोडा”. दोन्ही उत्तरे मला आवडतात. उत्तर येते, हे महत्त्वाचे.