दुभाष्याविना दवाखाना

महाराष्ट्र शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये चार : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. राज्याचा नकाशा समोर पसरून नंदुरबार जिल्ह्यातील धडगावपासून या चारही ठिकाणांचे अंतर जो कोणी मोजू लागेल, त्याच्या ध्यानी येईल की, चारांत त्यातल्या त्यात जवळचे जे ठाणे, तेही नंदुरबारकरांसाठी एका रात्रीच्या प्रवासावर आहे. आणि जी सुरत त्यांना खरोखर जवळ पडते, ती परराज्यात असल्यामुळे तेथे झालेल्या उपचारांची नोंद आपल्या सरकारदप्तरी उमटण्याचे काही कारणच नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून विभक्त झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत सुमारे १६ लाख ४८ हजार भरली, आणि तिच्यात ६९ टक्के लोक भिल्ल, पावरा, मावची, कोकणा आदी अनुसूचित जमातींचे निघाले. राज्यात अल्पसंख्य आणि जिल्ह्यात बहुसंख्य अशा या समाजाला मनाच्या आजाराच्या बाबतीत आपल्या बहुसंख्यत्वाचा काडीइतकाही उपयोग झालेला नाही.

आजार किती, हे सांगण्याचीदेखील सोय नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली जे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, त्यात बारा राज्ये होती. सातपुड्यापलीकडचा मध्य प्रदेश होता, सीमेलगतचा गुजरात होता, महाराष्ट्र मात्र नव्हता. निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत कोणताच उपचार पोहोचत नाही, असा त्या सर्वेक्षणाचा निष्कर्ष आहे. आणि जेथे पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की तळोद्याचा रस्ता बंद होतो आणि आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून खांद्यावरून आणावे लागते, तेथे हे प्रमाण याहून सुसह्य असेल असे मानण्यास फार मोठा आशावाद लागेल. कुपोषणाने या जिल्ह्याला वर्तमानपत्रांत स्थान मिळवून दिले, सिकलसेलमुळे रक्ताच्या तपासण्या झाल्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांच्या वाट्याला मानसिक आरोग्याचा 'प्रेरणा प्रकल्प' आला. या जिल्ह्यातील अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या पाड्यांवरील मनोरुग्णाने मात्र सरकारचे लक्ष वेधून घेण्याजोगे काहीच केले नाही.

यावर सुशिक्षितांचे ठरलेले उत्तर असे की, हे लोक अंधश्रद्ध. दवाखाना सोडून बडव्याकडे, म्हणजे झाडफूक करणाऱ्या भगताकडे, पुजाऱ्याकडे जातात, त्याला सरकार काय करणार? या उत्तरात तथ्यांश आहे. कोणाचे बाळ दगावले, कोणाची गाय मेली, की एखाद्या विधवेला डाकीण ठरवून तिला मारहाण करावी, गावाबाहेर काढावे, हा प्रकार सातपुड्यात इतिहासजमा झालेला नाही. त्या स्त्रीच्या नावावर जमिनीचा तुकडा असला म्हणजे तर आरोपाला विशेष धार चढते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची या बाबतीत कठोर अंमलबजावणी झालीच पाहिजे, आणि तेथे संस्कृतीच्या गौरवाची सबब कोणी पुढे करू नये. परंतु ज्या माणसाची झोप उडाली आहे, ज्याला कोणी नसताना आवाज ऐकू येतात, तो बडव्याकडे का जातो, याचा विचार केला तर कारण फार गूढ नाही. बडवा त्याच्या पाड्यावर राहतो, अपरात्री उठतो, सर्व भाऊबंदांदेखत सगळी हकीकत ऐकून घेतो, आणि ती त्याच्याच बोलीत ऐकतो. या चार गोष्टींपैकी एकीचीही तजवीज आपल्या दवाखान्यात नाही.

अंगदुखीसाठी भाषा नसली तरी चालते. दुखऱ्या जागेवर बोट ठेवता येते. मनाच्या आजाराचे निदानच मुळी रुग्णाच्या बोलण्यावरून करावयाचे असते. पहाटेची एसटी पकडून नंदुरबारच्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्या पावरा स्त्रीसमोर प्रमाण मराठीत प्रश्न करणारा डॉक्टर बसलेला असतो आणि दोघांच्या मध्ये दुभाषी म्हणून तिचा नवरा उभा असतो. ती बराच वेळ खाली मान घालून काही सांगते, आणि नवरा डॉक्टरला सांगतो, "काही नाही साहेब, जेवत नाही आन् झोपत नाही." त्या लांबलचक कैफियतीत नवऱ्याच्या दारूचा, सासरच्या माराचा, कदाचित डाकीण म्हणून होऊ लागलेल्या कुजबुजीचा उल्लेख असेल, तर तो कागदावर कसा यावा? डॉक्टर बिचारा झोपेची गोळी लिहून देतो, आणि त्यालाही दोष देता येत नाही, कारण त्याच्या दाराशी आणखी पन्नास माणसे ताटकळत असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या १८ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला परवडणारी, जवळची, दर्जेदार आणि रुग्णाला व त्याच्या कुटुंबाला स्वीकारार्ह अशी सेवा मिळण्याचा हक्क दिला आहे. भाषेपुरते बोलायचे तर मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठीचा '१४४१६' हा दूरध्वनी क्रमांक वीस भाषांत उत्तर देतो म्हणतात, परंतु २०११ च्या शिरगणतीत एक कोटीहून अधिक भाषक भरलेली भिली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही नाही. आणि पाड्यावर तर आधी टेकडी चढून रेंज शोधावी लागते.

समजा, निदान बरोबर झाले, औषधही सुरू झाले. महिन्याच्या गोळ्या महिन्याने संपतात. दिवाळी उरकली की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या कोयता घेऊन बारडोलीकडच्या ऊसतोडीला निघतात आणि होळीच्या सुमारास परततात. त्या चार महिन्यांत नंदुरबारच्या केसपेपरला फडात कोणी विचारीत नाही, आणि मध्येच गोळी बंद पडलेला रुग्ण परत येतो तो बहुधा पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत. मग 'औषधाने काही होत नाही' हा बडव्याचा सिद्धान्त पाड्यावर सिद्ध होतो. हंगामी स्थलांतराची ही गत, तर कायमच्या विस्थापनाची त्याहून वेगळी नाही. सरदार सरोवरात बुडालेल्या महाराष्ट्राच्या तेहेतीस गावांतील जी कुटुंबे रेवानगर-सोमावलसारख्या वसाहतींत आणून बसविली गेली, त्यांच्या जमिनीची मोजणी झाली, झाडांची झाली. नदी सुटल्याने माणसांच्या चित्तावर काय परिणाम झाला, हे पाहण्यासाठी पुनर्वसनाच्या नमुन्यात रकानाच नव्हता.

उपाय परदेशांतून आणावयाचे नाहीत. गोव्यात 'संगाथ' संस्थेने वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्यावर आणि पुरुषांच्या मद्यपानावर समुपदेशन करविले, आणि त्याचा गुण येतो हे रीतसर चाचण्यांनी सिद्ध करून २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. नाशिक जिल्ह्यातील पेठ या आदिवासी तालुक्यात 'आत्मीयता' प्रकल्पाने गावातलीच माणसे या कामी उभी केली. आणि दारूपुरते बोलायचे तर तळोदे तालुक्यातील गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात भिल्लांच्याच बोलीत, त्यांच्याच आरत्यांतून हजारो कुटुंबांची दारू सोडविली होती. त्यांच्यापाशी कोणत्याही खात्याचे अनुदान नव्हते.

न्यायालयाच्या आस्थापनेवर दुभाष्याचे पद असते, कारण आरोपीचे म्हणणे समजल्यावाचून खटला चालविता येत नाही, हे इंग्रजी अमदानीपासून सर्वांना मान्य आहे. तेच पद अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात निर्माण करावे. पावरी वा भिली ज्यांची मातृभाषा आहे अशा एका स्त्रीला व एका पुरुषाला समुपदेशनाचे शिक्षण देऊन तेथे नेमावे, आणि ते मानधनावर नव्हे, वेतनावर. नंदुरबार आणि तळोदा येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी यासाठी निधी मुक्रर करावा; नंदुरबारला २०२० साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने शिक्षणाची जबाबदारी उचलावी. ज्यांचा आजार स्थिर आहे, अशा ऊसतोड्यांना होळीपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या एकदम द्याव्यात, आणि बाकीच्यांना गुजरातच्या आरोग्य केंद्रांत आपल्या केसपेपरवर औषध मिळेल असा करार दोन्ही सरकारांनी करावा. हा हुकूम काढावयाचा तर दिवाळीपूर्वी काढावा; टोळ्यांच्या गाड्या एकदा भरू लागल्या, की गोळ्या घ्यायला पाड्यावर कोणी उरत नाही.