वाऱ्याच्या नावावर पावत्या फाडू नका

समुद्रात कचरा टाकण्याला आळा घालणाऱ्या लंडन प्रोटोकॉलच्या सदस्य राष्ट्रांचे माननीय प्रतिनिधी,

ऑक्टोबर 2013 मध्ये आपण दुरुस्ती मंजूर केली : समुद्रात लोहाचे खत टाकायचे तर फक्त खऱ्या संशोधनासाठी, तेही परवान्यानंतर. ती अमलात यायला दोन-तृतीयांश सदस्यांची मान्यता लागते. तप उलटले, तरी मान्यता देणारे देश हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच! एवढ्या सावकाशीबद्दल आपले अभिनंदन करावे तेवढे थोडे. दरम्यान समुद्रात लोह ओतून, त्यावर वाढणारे वनस्पतीप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल) कार्बन खोल नेतील या भरवशावर कार्बन क्रेडिट विकू पाहणारे एकच पालुपद आळवतात : वाळवंटी धूळ समुद्राला लोह पुरवतेच, आम्ही फक्त वाऱ्याचे काम करतो.

मग वाऱ्याचाच हिशेब पाहू. ऑगस्ट 2008 मध्ये अल्यूशियन बेटांवरच्या कासातोची ज्वालामुखीची लोहयुक्त राख वादळी वाऱ्यांनी ईशान्य पॅसिफिकवर पसरवली. वनस्पतीप्लवक असे फोफावले की उपग्रहांतून दिसले. तरी खोल गेलेला कार्बन अंदाजे एक कोटी टन, आणि माणूस इंधन जाळून वर्षाला सोडतो सुमारे 1000 कोटी टन. ज्वालामुखी फुटूनही पदरात हजारातला एक भाग! शिवाय तेवढ्याचीही खात्री नाही. 2004 मध्ये दक्षिण महासागरातल्या एका भोवऱ्यात लोह टाकल्यावर डायटम, म्हणजे सिलिकेचे कवच असलेले प्लवक, बहरले आणि किमान निम्मा बहर हजार मीटरच्या खाली गेला. 2009 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांसह त्याच महासागरात सुमारे 300 चौरस किलोमीटरवर लोह टाकले. तिथल्या पाण्यात सिलिका अपुरी, म्हणून डायटम वाढलेच नाहीत. जे प्लवक वाढले त्यांचा कोपेपॉड या चिमुकल्या प्राण्यांनी फडशा पाडला, खोल फारसे काही गेले नाही. खत तेच, निकाल दोन. धूळ किती उडाली यावर काही ठरत नाही. ती कोणत्या ऋतूत, कोणत्या पाण्यावर पडली, तिथे ऊन आणि सिलिका किती होती, यावर सारे ठरते. अशा बेभरवशाच्या पिकावर क्रेडिट विकणे म्हणजे पेरणीआधीच धान्याची पावती फाडणे.

निर्बंधांनी संशोधन थांबेल, हा आक्षेप टिकत नाही. आपल्याच दुरुस्तीत संशोधनाला वाट आहे. उलट आज थांबवले जाते ते संशोधनच : 2009 मधली वर सांगितलेली मोहीम आक्षेपांमुळे मध्येच रोखून तपासली गेली, पण 2012 मध्ये कॅनडाच्या हैदा ग्वाईजवळ सुमारे 100 टन लोहयुक्त माल समुद्रात पडल्यावर जगाला बातमी कळली. विचारून जाणारा अडकतो, न विचारणारा मोकळा सुटतो. हवामानाचे संकट घाईचे आहे, हेही मान्य. पण मग घाई आपल्या सहीलाच का नाही? पुढच्या बैठकीत मान्यता द्या, नाहीतर न देण्याची कारणे देशागणिक लेखी जाहीर करा. त्यापुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खोट्या क्रेडिटवर आपलीही सही आहे, असेच आम्ही समजू.

एक वाचक