पाणी ‘अल्कलाइन’, पण फ्लोराइडचे काय?

‘अल्कलाइन पाणी आरोग्याला उत्तम’ या जाहिराती सध्या जोरात आहेत. यवतमाळ जिल्ह्यात मात्र हा दावा तपासूनच घ्यावा लागेल.

पाण्याचे काही रेणू सतत विभागून हायड्रोजन व हायड्रॉक्साइड आयन बनतात आणि पुन्हा जुळतात. दोन्ही समसमान असले की सामू, म्हणजे पीएच, ७ भरतो. हायड्रॉक्साइड वाढले की पाणी अल्कलाइन होते.

हायड्रॉक्साइड आणि फ्लोराइड आयनांचा आकार जवळपास सारखा, विद्युतभारही तोच. त्यामुळे अल्कलाइन भूजलात हायड्रॉक्साइड खडकातील फ्लोराइडची जागा घेते आणि फ्लोराइड पाण्यात उतरते. केळापूर, झरी जामणी तालुक्यांतील काही गावे हा त्रास भोगत आहेत. शरीरात नेमके उलटे घडते: दात-हाडांतील हायड्रॉक्साइडच्या जागी फ्लोराइड बसते. जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात, हाडे-सांधे आखडतात.

भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसल्यास १.५ पर्यंत चालते. ते चवीने कळत नाही, उकळूनही जात नाही. सामूच्या आकड्यावरूनही त्याचे प्रमाण समजत नाही. म्हणून प्रत्येक हातपंपाची, बोअरवेलची फ्लोराइड चाचणी व्हावी आणि तिचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा.