आधी आडनाव, मग खोली

1913 साली बाबासाहेब न्यूयॉर्कात परदेशी विद्यार्थी होते. कोलंबियाच्या वसतिगृहात खोली मिळाली. जात कुणी पुसली नाही. 1917 ला बडोद्यात आले, तर पारशी पथिकाश्रमातून काठ्या दाखवून हाकलले. परदेशात विद्यार्थी, देशात अस्पृश्य!

2020 चं शैक्षणिक धोरण म्हणतं, परदेशी पोरं आणा, विद्यापीठं मोठी करा. आणा! राहुरीच्या कृषी विद्यापीठाला जोतीबांचं नाव आहे. 1868 साली घरचा हौद खुला करणाऱ्याच्या नावाखाली आफ्रिकेच्या पोराला पलंग मिळालाच पाहिजे. भांडण त्याच्याशी नाही.

पण जामखेडच्या ऊसतोड्याचं पोर कुठं निजणार? वसतिगृह भरलं, 'स्वाधार'चे पैसे घ्या म्हणतात. पैसे येतात वर्ष सरताना. घरमालक भाडं मागतो एक तारखेला, अन् त्याच्याआधी आडनाव.

दोस्तांनो, धक्क्यावर आम्ही परदेशी माल उतरवतो. मालालाबी गोदाम असतं. आमच्या पोराला खाट नाही, तोवर विद्यापीठ वाढलं म्हणू नका. भिंती वाढल्या म्हणा.