सूर्य उगवतो की मावळतो?

दिवाळी अंक घरात आला की त्याचे पहिले वाचन कोण करते, ते मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. संपादक समजतात, वाचक प्रथम अनुक्रमणिका उघडतो. लेखक समजतो, तो थेट आपलाच लेख काढतो. प्रत्यक्षात पहिले वाचन होते मुखपृष्ठाचे, आणि ते करतात घरातली अक्षरशत्रू मंडळी! आमच्या घरी हा मान तीन वर्षांच्या नातवाचा, आणि चष्मा कुठे ठेवला ते कधीच न आठवणाऱ्या आमच्या सौ.चा.

का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाची दिवाळी फराळाइतकीच छापील कागदाचीही झाली. पण ती घरोघर रंगीत केली दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्यासारख्या चित्रकारांनी. दलालांनी तर १९४५ साली ‘दीपावली’ हा स्वतःचा अंकच सुरू केला. मुखपृष्ठावरची बाई हातात निरांजन घेऊन का उभी आहे, हे आमच्या आजीला कधी कुणाला विचारावे लागले नाही. चित्र बोलत होते आणि तिला ऐकू येत होते.

तेव्हा वाचकहो, आजच्या खास अंकात चित्रांविषयीच चार गोष्टी बोलाव्या म्हणतो. घाबरू नका, मी काही कलासमीक्षक नव्हे. मला बोलायचे आहे ते शाळेतल्या चित्रकलेच्या तासाविषयी, आणि तेसुद्धा मी एका प्रकरणात चांगला पोळलो आहे म्हणून.

आधी एक करा. डोळे मिटा आणि शाळेत असताना तुम्ही काढलेला देखावा आठवा. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, तेथून निघालेली नदी, काठी एक झोपडी, तिच्यावर वाकलेला माड आणि आकाशात भुवयांसारखे चार पक्षी. आठवला ना? मी तो काढला, माझ्या मुलाने काढला, आणि माझी नातही परवापरवापर्यंत तोच काढीत होती. तीन पिढ्यांत घर बदलले, गाव बदलले. तो सूर्य मात्र डोंगरातून हलला नाही.

आता प्रकरण सांगतो.

माझी थोरली बहीण, आक्का, गुहागरकडच्या आमच्या गावी राहते. वय ऐंशीच्या पुढे. गेल्या फाल्गुनात मुंबईस आणून तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन करविले. आठ दिवस होतात न होतात तोच ‘मला माझ्या घरी नेऊन सोडा’ म्हणून ती हटून बसली. डोळ्यांत घालायच्या औषधाच्या दोन बाटल्या होत्या. गुलाबी टोपणाची सकाळी, पांढऱ्या टोपणाची संध्याकाळी. आक्काला अजून नीट दिसत नव्हते आणि तिच्या सोबतीला असतात त्या मावशींना अक्षर येत नाही. आता चिठ्ठी लिहून ठेवावी तरी कुणासाठी?

“आजोबा, मी चित्रांचा तक्ता करून देते,” नात म्हणाली. ती आठवीत आहे. एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी चाललेली. तासाभरात तिने तक्ता पुढे केला. वरच्या भागात गुलाबी टोपणाची बाटली, दोन डोंगर आणि मधून डोकावणारा पिवळा सूर्य. खालच्या भागात पांढऱ्या टोपणाची बाटली, दोन डोंगर, नारिंगी सूर्य आणि घरट्याकडे परतणारे पक्षी. रंग असे स्वच्छ भरलेले की मी तिची पाठ थोपटली. गावी जाऊन तो तक्ता मी स्वतःच्या हाताने भिंतीवर चिकटवला आणि मुंबईस परतलो.

पाचव्या दिवशी फोन आला. आक्काचा डोळा लाल झाला होता, सुजला होता. पहिली गाडी पकडून गेलो. तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेल्यावर एकेक गोष्ट उघडकीस आली. दोन्ही बाटल्यांचे थेंब रोज सकाळीच, एकामागून एक, घातले जात होते. संध्याकाळी काही नाही. डॉक्टरांनी मला शाळकरी मुलासारखे खडसावले. डोळा वाचला, दोनचार दिवसांत लालीही उतरली. पण त्या दोन रात्री माझा डोळा लागला नाही, हे कबूल करतो.

मावशींना मी जरा चढ्या आवाजातच विचारले. त्या शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, चित्रात होतं तसंच केलं. आमचा सूर्य डोंगरातनं वर येतो नि दर्यात बुडतो. पोरीनं दोन्ही वेळा डोंगरातच काढलाय. मग दोन्ही सकाळच झाली की नाय?”

मी गप्प झालो. आमच्या गावी पूर्वेला सह्याद्री आणि पश्चिमेला समुद्र. मावशींनी चित्र अगदी बारकाईने वाचले होते. पक्षी मात्र त्यांच्या मते चरायला निघाले होते. आणि सकाळी पक्षी निघतातच! चूक होती चित्रात. नातीने सूर्य पाहिला होता तो चित्रकलेच्या वहीत. तिच्या खिडकीतून दिसते ती समोरच्या इमारतीची गच्ची.

घरी येऊन हे सांगितले तेव्हा पोर रडली. मग डोळे पुसून तिने दुसरा तक्ता केला. त्याची हकीकत शेवटी सांगतो. कारण मधे मला आमचे ड्रॉइंगमास्तर आठवले.

बंद गळ्याचा कोट, खिशात रंगीत खडू, आणि बोटे कायमची पांढरी. गोष्ट सहासष्ट-सदुसष्ट सालची. एरवी तेही इतरांसारखेच. फळ्यावर पेरूच्या फांदीवर बसलेला पोपट काढायचे आणि आम्ही साठ मुलांनी साठ पोपट उतरवायचे. पण महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते एक विक्षिप्त खेळ खेळत. एका मुलाला वर्गाबाहेर उभे करायचे, दुसऱ्याच्या कानात एक निरोप सांगायचा आणि त्याने तो फळ्यावर चित्राने लिहायचा. अक्षर काढायचे नाही. मग बाहेरच्या मुलाने आत येऊन तो वाचायचा. वाचता आला नाही तर गुण कापायचे ते चित्र काढणाऱ्याचे!

एकदा निरोप होता, ‘या विहिरीचे पाणी पिऊ नका’. वर्गात चित्रकलेत पहिला असलेल्या मुलाने विहीर काढली. काय विहीर होती! रहाट, दोर, कळशी, काठावरचे शेवाळ, पाण्यातले आभाळ. बाहेरचा मुलगा आत आला, त्याने फळ्याकडे पाहिले आणि मिटक्या मारीत म्हणाला, “या विहिरीचं पाणी गोड आहे!”

मास्तर म्हणाले, “विहीर सुरेख. आता अर्धं गाव आजारी पडेल.”

तो पहिला आलेला मुलगा म्हणजे प्रस्तुत लेखक. मला त्या दिवशी दहापैकी शून्य मिळाला, आणि मास्तरांचा मी वर्षभर राग केला. आज वाटते, त्या एका शून्यात सगळे शास्त्र होते. चित्र कुणी पाहायचे आहे, ते आधी विचारावे. त्याला जे सांगायचे तेवढे ठेवून बाकीचे, कितीही सुरेख असले तरी, पुसावे. आणि काढून झाल्यावर ते त्या माणसाला दाखवून, तोंडातून शब्द न काढता, तो काय म्हणतो ते ऐकावे.

या विद्येला आता ‘दृश्य संवाद’ असे भारदस्त नाव आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग निघाला, १९६१ साली त्याची उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली, आणि १९६९ साली पवईच्या आय. आय. टी.त औद्योगिक अभिकल्पाचे केंद्र सुरू झाले. तेथे मुले वर्षानुवर्षे हेच शिकतात. पण ही विद्या जन्मली ती काही महाविद्यालयात नव्हे. मुंबईच्या डबेवाल्यांच्या डब्याचे झाकण पाहा. रंगाचे दोन फटकारे, एखादे अक्षर, दोन आकडे. डबा कुठल्या स्टेशनावर चढला, कुठे उतरायचा, कुठल्या इमारतीत किती मजले चढायचा, सगळे त्यात आहे. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या या धंद्यातल्या कितीतरी माणसांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. पण झाकणावर एक रेघ जास्त नाही!

किंवा पहिली सार्वत्रिक निवडणूक घ्या. १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता होती अवघी अठरा टक्के. मग मत द्यायचे कसे? तर प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर चित्र. काँग्रेसची बैलजोडी, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी. अक्षर न येणाऱ्या कोट्यवधी माणसांनी चित्र वाचून राज्य निवडले. आमच्या देखाव्यातली झोपडी आणि पेटीवरची झोपडी दिसायला सारखीच. पण एक नुसती काढलेली आणि दुसरी कुणाला तरी सांगण्यासाठी काढलेली.

अक्षराचेही तसेच. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत शीर्षके रेखाटली, तेव्हा ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ ही अक्षरे वाचण्याआधीच नाटकाचा सूर कानी पडे. एलिमेंटरीच्या परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांच्या जोडीला भूमिती आणि अक्षरलेखन असते, ते काही उगीच नव्हे. अभ्यासक्रमात सारे आहे. फक्त ‘हे कुणासाठी?’ हा प्रश्न वर्गात कुणी विचारीत नाही.

नक्कल करून घेण्याची पद्धत वाईट हेतूने आली असे मात्र मी म्हणणार नाही. जे. जे. कलाशाळा १८५७ साली निघाली ती जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून आणि कारागिरांचा हात घडविण्यासाठी. नमुना पुढे ठेवायचा आणि हुबेहूब उतरवायचा, हा तेव्हाचा विलायती शिरस्ता. त्या शाळेतल्या विद्यार्थ्यांच्याच हातांनी बोरीबंदर स्टेशनाचे कोरीवकाम सजले. हात घडला, यात शंका नाही. पण हात घडविताना डोळा मिटून चालत नाही. हे ओळखून वर्ध्याजवळ सेवाग्रामात देवीप्रसाद यांनी १९४४ पासून नई तालीमच्या मुलांना कला शिकविली, ती नकलेवाचून. पुढे त्यावर पुस्तकही लिहिले. म्हणजे वाट आपल्याच महाराष्ट्रात, आपल्या डोळ्यांदेखत पाडली गेली होती. आपण तिच्यावर चाललो नाही, एवढेच.

आणि ‘आपण’ म्हणताना मी बोट दुसऱ्याकडे दाखवीत नाही. माझा मुलगा नववीत असताना पालकसभेत उभे राहून मीच म्हणालो होतो, “चित्रकलेने पोट भरत नाही, तो तास गणिताला द्यावा.” टाळ्या पडल्या होत्या. चाचणी जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताच्या घशात जातो, तो माझ्यासारख्यांच्या टाळ्यांमुळे. त्याला इंटरमिजिएटला बसायचे होते. मी बसू दिले नाही. तो आज चांगल्या हुद्द्यावर आहे आणि मला त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. पण मुलीसाठी महागातले रंग तो आणतो तेव्हा माझ्याकडे पाहत नाही, हे माझ्या लक्षात आले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सांगितले आहे की कला आणि शास्त्र यांच्यामध्ये भिंत नको. कागदावरची भिंत पडेल. घरातली मात्र आपल्यालाच पाडावी लागेल.

आता दुसऱ्या तक्त्याची गोष्ट. नातीने या वेळी आधी रंग घेतले नाहीत. आधी फोन घेतला.

“मावशी, सकाळी उठल्यावर तुम्ही पहिलं काय करता?”

“चाय टाकते, बाय.”

“आणि संध्याकाळी?”

“तुळशीपुढं दिवा लावते. दुसरं काय?”

तिने वर वाफाळलेला कप काढला, खाली तुळशीवृंदावन आणि पणती. शेजारी त्या त्या टोपणाची बाटली, एक डोळा आणि एक थेंब. डोंगर नाहीत, पक्षी नाहीत, सूर्यही नाही. चित्र म्हणून पहिल्याहून साधे. पण पाठविण्यापूर्वी तिने ते आमच्या इमारतीच्या झाडूवाल्या बाईंना दाखवले आणि स्वतः तोंड मिटून उभी राहिली. बाईंनी एका दमात वाचून दाखवले. शाळेत तिच्या सरांनी ही हकीकत ऐकली आणि पुढच्या तासाला सगळ्या वर्गाला कामाला लावले. शिपायाला, कँटीनच्या मावशींना, धाकट्या भावंडांना काहीतरी सांगणारे चित्र काढा आणि त्यांनाच जाऊन दाखवा. निम्मी चित्रे नापास झाली म्हणे, आणि मुले दुसऱ्या आठवड्यात तासाची वाट पाहत बसली!

परीक्षेला ती बसणार आहे. तेथे देखावा आला तर सूर्य कुठे काढणार, म्हणून मी परवा विचारले. म्हणाली, “आधी मी कुठे उभी आहे ते ठरवीन, आजोबा.”

आक्काचा डोळा आता उत्तम आहे. औषध केव्हाच संपले. तक्ता मात्र भिंतीवरून काढू देत नाही. परवा फोनवर सांगत होती, “त्यातली पणती आता मला स्पष्ट दिसते हो.” या वर्षीचा हा अंक मी तिला पाठवतो आहे. वाचून दाखवायला कुणी भेटेल न भेटेल. मुखपृष्ठ तरी ती स्वतःच वाचील.

दिवाळीच्या शुभेच्छा!